चष्मेवाले केळकर आणि आजीच्या पितळ्या

आधीच सांगून टाकतो, हा लेख एका फसलेल्या सेमिनारमधून निघालाय. तिसऱ्या वर्षाला मटेरियल्सच्या विषयात सरांनी रोल नंबरप्रमाणे टॉपिक वाटले. पुढच्या मंडळींना टायटॅनियम, कार्बन फायबर अशी भारी भारी नावं मिळाली आणि माझ्या वाट्याला आलं कथील. म्हणजे टिन! होस्टेलवर पुढचा आठवडाभर माझं नाव 'डबा' होतं. अजूनही दुसऱ्या मजल्यावर काही जण त्याच नावाने हाक मारतात. असो.

तर कथलाचे मिश्रधातू. सोल्डर आपल्याला माहीत आहे, बेअरिंगमधलं बॅबिट पुस्तकात आहे, आणि तिसरं निघालं प्यूटर. हे आपल्याकडे फारसं कुणी पाहिलेलं नसतं. बहुतेक सगळं कथील, त्यात थोडं तांबं, थोडं अँटिमनी, आणि जुन्या काळी शिसंसुद्धा. वितळणबिंदू इतका कमी की साध्या भट्टीवर काम होतं. चिनी मातीची भांडी स्वस्त होईपर्यंत इंग्लंडमधल्या आणि अमेरिकेतल्या घरांत जेवणाची ताटं, पेले, चमचे याच धातूचे असत. धातू मऊ, त्यामुळे ताटावर सुरीचे ओरखडे पडायचे, काठ वाकायचे. मग लोक ते जुनं ताट कारागिराकडे घेऊन जायचे, तो ते वितळवून नवीन ओतून द्यायचा आणि जुन्याचं वजन हिशेबातून वजा करायचा. अमेरिकेत तर कच्चं कथील बाहेरून आणायला महाग पडायचं, म्हणून तिथल्या कारागिरांचा धंदा बराचसा या जुन्या मालावरच चाले. परिणाम असा की जुनं अमेरिकन प्यूटर आज फार थोडं उरलंय. आणि जे उरलंय ते जमवणारे छांदिष्ट लोक आहेत. इंग्लंडमध्ये त्यांची सोसायटी 1918 सालापासून आहे, अमेरिकेत क्लब 1934 सालापासून. ताट उलटं करून मागचा ठसा पाहायचा आणि कारागीर ओळखायचा, हा त्यांचा मुख्य उद्योग.

मला हे वाचायला इतकी मजा आली की मी सेमिनारमध्ये फेज डायग्राम दोन मिनिटांत उरकला आणि वीस मिनिटं ताटांवर बोललो. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी एकच विचारलं, की आपल्याकडे कुणी असली भांडी जमवली का? मी गप्प. मग सरांनीच नाव सांगितलं, दिनकर केळकर. पुण्याचं केळकर म्युझियम. अर्ध्या वर्गाने माना हलवल्या, कारण शाळेच्या सहलीत सगळ्यांनी ते पाहिलेलं असतं आणि सगळ्यांना त्यातला मस्तानी महाल तेवढा आठवत असतो. मार्क बेताचेच मिळाले. पण मी गप्प बसलो होतो त्याचं कारण मार्क नव्हतं. कारण वेगळं होतं, ते सांगितल्याशिवाय केळकरांचं सांगता येणार नाही.

आमचं घर तुळिंजला. म्हणजे नालासोपारा स्टेशनला पूर्वेला उतरायचं आणि गर्दीबरोबर चालत राहायचं. आजोबा गिरणीत होते, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. मुंबईत जागा परवडेना म्हणून ते तुळिंजच्या बैठ्या चाळीत आले आणि गावचं घर वाटण्यांमध्ये गेलं तेव्हा आजीच्या वाट्याची भांडी पोत्यांतून इकडे आली. एक घंगाळ, एक परात, दोन पातेली आणि सहा पितळ्या. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, पितळी म्हणजे काठ उभा असलेलं पितळेचं जेवणाचं भांडं. कोकणात भात-आमटी कालवून खायची तर ताटात नाही, पितळीत. आमटी कडेने वाहत नाही, साधा हिशेब आहे. आतून कल्हई असायची, कारण पितळेत आंबट कळकतं.

2022 साली आम्ही चाळीतून जवळच्या बिल्डिंगमध्ये वन रूम किचनमध्ये गेलो. नव्या किचनच्या कट्ट्याखाली सिलिंडर ठेवल्यावर बादलीलाही जागा नव्हती. त्याच महिन्यात माझं इंजिनिअरिंगला ॲडमिशन झालं. आईने भांडी मोडीत द्यायचं ठरवलं आणि पोतं उचलून दुकानात नेलं ते मी. साडेअकरा किलो भरलं. दुकानदाराने घट धरली, काट्यावर दोनदा टाकलं आणि तीन हजार दोनशे हातात ठेवले. त्या पैशात माझा ड्राफ्टर, ड्रॉइंग बोर्ड, ॲप्रन आणि कॅल्क्युलेटर आला. आजी काही म्हणाली नाही. ती त्या दिवशी जेवलीसुद्धा नेहमीसारखी, स्टीलच्या ताटात. मला तेव्हा काही वाटलंही नाही, खोटं कशाला सांगू. ड्राफ्टर मिळाल्याचा आनंद होता.

सेमिनारच्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. म्हणून मग लायब्ररीत जाऊन आणि नंतर एका इंडस्ट्रियल व्हिजिटच्या निमित्ताने पुण्याला जाऊन या केळकरांच्या मागे लागलो.

पहिली गंमत ही की हा माणूस पुरातत्त्वाचा प्राध्यापक वगैरे नव्हता. संस्थानिक नव्हता, कारखानदारही नव्हता. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म 10 जानेवारी 1896 चा आणि त्यांचा धंदा चष्म्याचा. पुण्यात घरचं चष्म्याचं दुकान होतं, त्यावर संसार. दुसरी गंमत म्हणजे ते कवी होते. 'अज्ञातवासी' या नावाने लिहायचे. पुण्यात 1923 साली रविकिरण मंडळ निघालं, तोच हा काळ, कवितेला अगदी बहर आलेला. केळकरांना इतिहासाचं वेड होतं, ऐतिहासिक विषयांवर कविता लिहायची होती. त्यासाठी ते गड-किल्ले हिंडायचे, जुने वाडे बघायचे, सरदार घराण्यांच्या वस्तू बघायचे. आणि कवितेसाठी म्हणून गेलेला हा माणूस वस्तूंतच अडकला.

साधारण 1920 च्या सुमाराला त्यांनी जमवायला सुरुवात केली. जरा साल बघा. इंग्लंडमध्ये प्यूटरवाल्यांची सोसायटी 1918 ची, अमेरिकन प्यूटरवरचं केरफूट यांचं गाजलेलं पुस्तक 1924 चं, आणि पुण्यातले हे चष्मेवाले 1920 च्या आसपास. यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण कारण एकच असावं असं मला वाटतं. स्वयंपाकघरं बदलत होती. तिकडे चिनी माती, काच आणि कारखान्याचा माल येऊन प्यूटर माळ्यावर गेलं होतं. इकडे चिनी मातीचे कप आले, मग ॲल्युमिनियम, पुढे स्टील. समईच्या जागी कंदील आणि मग बल्ब. रोजची वस्तू रोजची राहत नाही, तेव्हाच ती कुणाच्या तरी डोळ्यांत भरते. आधी नाही भरत.

पण केळकरांनी जे केलं त्यात एक मोठा फरक होता. त्या काळी संग्रह करायचा तर लोक तलवारी, नाणी, मूर्ती, चित्रं जमवत. केळकरांकडेही त्या आहेतच. पण त्यांनी अडकित्ते जमवले! दिवे जमवले, कुलपं, दौती, फण्या, पाय घासायच्या वज्र्या, पळ्या, साचे, विळ्या, पानाचे डबे जमवले. ज्या वस्तू पेशव्यांच्या दफ्तरात सापडणार नाहीत आणि कुठल्याही बखरीत ज्यांचं नाव यायचं कारण नाही. म्हणजे लढाईला गेलेल्या माणसाची तलवार त्यांनी ठेवलीच, पण तो घरी आल्यावर ज्या दिव्याखाली जेवला असेल तो दिवासुद्धा ठेवला.

आमच्याच गावाकडे बघा ना. तुळिंजहून पूल ओलांडून पश्चिमेला गेलं की सोपाऱ्याचा स्तूप आहे. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे उत्खनन केलं आणि दगडी पेटीत एकात एक ठेवलेल्या लहान लहान डब्या सापडल्या, तांब्याची, चांदीची, स्फटिकाची, सगळ्यात आत सोन्याची. शाळेत आम्हाला हे अभिमानाने सांगतात आणि सांगायलाच पाहिजे. पण तोच अभिमान बाळगणारी आमची पूर्वेची वस्ती दर दिवाळीच्या साफसफाईला किती पितळ काट्यावर टाकते, त्याची मोजदाद कुणी ठेवत नाही. भांडं जमिनीखालून निघालं तर इतिहास आणि माळ्यावरून निघालं तर मोड, असा आपला हिशेब. केळकरांचा नव्हता.

हे सगळं करायला पैसा लागतो. चष्म्याच्या दुकानात असा कितीसा पैसा? त्यांच्या पत्नी कमलाबाई यांचा या कामात मोठा वाटा होता. त्यांनी आपले दागिने यासाठी दिले असं सांगितलं जातं. मला हे वाचताना थोडं थांबायला झालं. एका बाईच्या अंगावरचं सोनं जाऊन दुसऱ्या कुठल्या तरी बाईचं पितळ घरात येतंय, आणि तेही वापरायला नाही. भांडी घासून, पुसून, नोंद करून ठेवायची आणि त्यात कधी आमटी करायची नाही. संसार म्हणून विचार केला तर अवघडच. हे म्युझियम जितकं केळकरांचं तितकंच कमलाबाईंचं आहे, असं माझं मत झालंय. शाळेच्या सहलीत हे कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं. तिथे फक्त रांग मोडू नका एवढंच सांगितलं होतं.

आणि मग राजाची गोष्ट. म्युझियमचं नाव 'राजा दिनकर केळकर संग्रहालय'. मी लहानपणापासून समजत होतो की केळकरांनाच लोक राजा म्हणत असतील, पुण्यात लोकांना पदव्या लावायची हौस आहेच. तसं नाही. राजा हा त्यांचा मुलगा. एकुलता एक, आणि तो अगदी लहान वयात गेला. त्याच्या नावाने हा संग्रह आहे. हे कळल्यावर त्या सगळ्या दालनांकडे बघायची नजर बदलते. विशेषतः तिथली खेळणी बघताना. घरात राजा नाही आणि कपाटात शेकडो वर्षांची दुसऱ्यांच्या मुलांची खेळणी. यापेक्षा जास्त मी यावर लिहीत नाही, कारण त्या दोघांच्या मनात काय होतं ते मला काय माहीत.

1960 पर्यंत संग्रह सुमारे पंधरा हजार वस्तूंवर गेला होता. पंधरा हजार! आपल्या होस्टेलच्या रूममध्ये तिघांच्या बॅगा ठेवल्या की दार उघडत नाही. 1961 साली त्यांचं भारतीय दिव्यांवरचं इंग्रजी पुस्तक सरकारच्या प्रकाशन विभागाने काढलं. 1962 साली संग्रहालय रीतसर स्थापन झालं. आणि 1975 साली केळकरांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या स्वाधीन केला. पन्नास-पंचावन्न वर्षं वस्तू वस्तू करून जमवलेलं, बायकोच्या दागिन्यांचं, मुलाच्या नावाचं, ते सगळं देऊन टाकलं. पुढे पुणे विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली, पद्मश्री मिळाली. नावामागे लागलेलं ते 'डॉ.' हे असं आहे, परीक्षा देऊन मिळवलेलं नाही. 17 एप्रिल 1990 रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले. आज संग्रहात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि त्यांतल्या साधारण अडीच हजार एका वेळी मांडलेल्या असतात. बाकीच्या आत कपाटांत.

आता प्रत्यक्ष म्युझियमबद्दल. इंडस्ट्रियल व्हिजिट दुपारी संपली आणि आम्ही चौघे रिक्षाने बाजीराव रोडला उतरून शुक्रवार पेठेत नातूबागेत शिरलो. तिघांना मस्तानी महाल बघायचा होता. बाजीराव पेशव्यांनी 1734 साली कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष केळकरांनी आणून इथे पुन्हा उभे केले. तो बघण्यासारखा आहेच, वाद नाही. पण मी अडकित्त्यांपाशीच वीस मिनिटं काढली. सुपारी कातरायचं साधं यंत्र. एक खिळ, दोन दांड्या, दुसऱ्या प्रकारचा तरफ, फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सला आपण सोडवतो तोच. आणि त्या दोन दांड्यांचं लोकांनी काय काय केलंय! मोर, घोडे, मिठी मारलेलं जोडपं. दांड्या उघडल्या की जोडपं दूर होतं आणि सुपारी कातरली की जवळ येतं. ज्याने हे डिझाइन केलं त्याला कुठली व्हायवा द्यावी लागली नसेल, पण मेकॅनिझम त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं.

त्याचं नाव काय? ते मात्र कुठेच नाही.

इथे मला परत माझं प्यूटर आठवलं. लंडनमध्ये प्यूटरच्या कारागिरांची संघटना इतकी कडक होती की प्रत्येक उस्तादाला आपला ठसा त्यांच्या सभागृहातल्या धातूच्या पत्र्यावर उठवून ठेवावा लागे. 1666 सालच्या लंडनच्या आगीत आधीचे पत्रे गेले, पण त्यानंतरचे अजून आहेत. त्यामुळे तीनशे वर्षांपूर्वीचं ताट उलटं केलं की आजही कळू शकतं, हे अमुक माणसाने ओतलं. कॉटरेल नावाच्या गृहस्थांनी 1929 साली हजारो कारागिरांची नावं आणि ठसे एका पुस्तकात छापले. गोळा करणाऱ्याला पुस्तक हाताशी, काम सोपं. भाव ठरवायलाही सोपं.

आपल्याकडे भांड्यावर नाव असतं, पण ते कुणाचं? दुकानात टोचून घेतलेलं, ठिपक्या-ठिपक्यांचं. अमक्याच्या लग्नात मामाकडून, तारीख अमुक. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, क्वचित गावाचं नाव. करणाऱ्याचं नाही. पुण्यात कसबा पेठेला तांबट आळी आहे, पेशवाईपासून तिथे तांब्या-पितळेचं काम चालत आलंय, दुपारी त्या बाजूने गेलात तर ठोक्यांचा आवाज अजून कानावर येतो. पण तिथल्या कारागिराने भांड्याच्या बुडाला आपला ठसा मारून ठेवायची पद्धत नव्हती. म्हणजे केळकरांपुढे पुस्तक नव्हतं, ठसे नव्हते, क्लब नव्हता. स्वतःच्या डोळ्याने ठरवायचं, ही चीज ठेवण्यासारखी आहे. डोळ्यांचाच धंदा होता म्हणा त्यांचा! आणि 'अज्ञातवासी' या कवीने सगळ्या अज्ञातांचाच माल जमवला, हे त्यांच्या लक्षात आलं असेल का, असं मला तिथे उभं राहून वाटत होतं.

हल्लीच्या पोरांना कल्हईसुद्धा माहीत नाही म्हणून इथे थोडं टेक्निकल सांगतो, मटेरियल्सवाले सर हे पान वाचतील तर निदान आता तरी खूश होतील. भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, त्याने पृष्ठभागावरचं ऑक्साइड निघतं आणि डोळे झोंबणारा पांढरा धूर होतो. मग कथलाची कांडी टेकवायची. कथील 232 अंशाला वितळतं, पितळ नऊशेच्या वर, त्यामुळे भांड्याला काही होत नाही. वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने झरझर आतून फिरवायचं आणि भांडं पाण्यात घालायचं. फ्लक्स, वेटिंग, कोटिंग, क्वेंचिंग, आपला अख्खा चॅप्टर रस्त्याच्या कडेला पाच मिनिटांत. तुळिंजला आमच्या चाळीपाशी मी लहान असताना एक कल्हईवाला यायचा. कधीपासून यायचा बंद झाला ते आठवत नाही. भांडीच राहिली नाहीत तर तो येऊन करणार काय? म्हणजे मोडीत एकटी भांडी जात नाहीत, त्यांच्याबरोबर एक-एक धंदा जातो. म्युझियममध्ये भांडं ठेवता येतं, कल्हईवाला कसा ठेवणार? केळकरांच्या संग्रहाची ही मर्यादा आहे आणि ती सांगितली म्हणून त्यांचं मोठेपण कमी होत नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र मला तिथे खटकली, तीही लिहितो. संग्रह करणाऱ्यांच्या चरित्रात विकणारा माणूस कधी नसतो. तिथल्या प्रत्येक कपाटात, समोरच्या पाटीवर वस्तूचं नाव असतं, प्रांत असतो, शतक असतं. ती कुणाच्या घरातून आली आणि त्या घराने ती का दिली, हे नसतं. कुणी कौतुकाने दिली असेल. कुणाच्या वाड्याच्या वाटण्या झाल्या असतील. कुणाकडे मुलाची फी भरायची असेल. शेवटच्या प्रकारचं घर मला ओळखीचं आहे. मी तिथे काचेपलीकडे उभा राहून केळकरांच्या बाजूने विचार करायचा प्रयत्न करत होतो आणि पुन्हा पुन्हा पोतं घेऊन दुकानात गेलेल्या पोराच्या बाजूलाच येत होतो. आमच्या पितळ्या एखाद्या केळकरांनी नेल्या असत्या तर बरं झालं असतं का? आईला तेव्हा पैसे हवे होते आणि ड्राफ्टरशिवाय मला वर्गात बसू दिलं नसतं, हे खरं. पण काट्यावर टाकल्या त्या आता कुठे तरी नळाची तोटी नाहीतर दाराची कडी होऊन बसल्या असतील, हेही खरं. काचेआड असत्या तर निदान आजीला तिकीट काढून दाखवल्या तरी असत्या.

माझ्या मित्रांनी मला ओढत बाहेर काढलं. डेक्कनला कुणाला तरी भेटायचं होतं आणि परतीची गाडी होती.

पुढच्या शनिवारी घरी गेलो. आजी आता ब्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, पण विचारलेलं कळतं. मोबाइलवर काढलेले म्युझियमच्या पाट्यांचे आणि दालनांचे फोटो तिला दाखवले. तिला पहिल्यांदा मस्तानी महालच आवडला! मग दिवे बघितले, विळ्या बघितल्या. एका भांड्यापाशी बोट ठेवून तिने त्याचं नाव सांगितलं, जे मी कधी ऐकलेलं नव्हतं. मग मी वहीच काढली. घरात काय काय होतं, गावच्या घरात काय होतं, एकेक विचारत गेलो. तिने सांगितलं आणि मी लिहिलं. घंगाळ, परात, चरवी, कासंडी, ओगराळं, वेळणी, तसराळं. कशात काय करायचे, कुणाच्या लग्नात आलं, कशाला कल्हई लागायची आणि कशाला नाही. मध्येच तिने सांगितलं की सहापैकी एका पितळीवर तिच्या आईचं नाव टोचलेलं होतं. हे मला माहीत नव्हतं. पोतं भरलं मीच होतं, पण बुडाकडे बघितलं नव्हतं.

आई ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. ती काही बोलली नाही, पण थोड्या वेळाने तिने वरच्या फळीवर चढून तांदळाच्या डब्यामागून एक ओगराळं काढून आणलं. मोडीत द्यायच्या दिवशी तिने ते पोत्यातून मागे काढून ठेवलं होतं आणि इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. काळं पडलंय, दांडा थोडा वाकलाय. आजीने ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि चिंच आणायला सांगितली.

वहीत आतापर्यंत एकोणतीस नावं झाली आहेत. त्यांतली अकरा भांडी दिसायला कशी असतात ते मला अजून माहीत नाही. आपल्या होस्टेलवर विदर्भातले, खानदेशातले, सोलापूरकडचे, कोकणातले सगळे आहेत. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात तर माळ्यावर बघा, घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर नावं विचारून आणा. दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडची तिसरी खोली. मी नसलो तर 'डबा' कुठे आहे असं विचारा, कुणीही सांगेल.